शिक्षणाधिकारी (प्राथमिक) म्हणून रुजू होताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : रुजू_जूनमध्ये

जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) या पदावर जूनमध्ये रुजू व्हायचे आहे. जिल्हा मोठा आहे, दोन तालुके डोंगरी आहेत आणि ऊसतोडीला जाणारी गावे बरीच आहेत. आतापर्यंतचे काम माध्यमिकचे. गुणवत्ता, नेतृत्व, दूरदृष्टी यावर प्रशिक्षणात भरपूर ऐकले. मला हवे आहे ते वेगळे : अधिकारी बदलला हे दोन शिक्षकी शाळेला कशातून जाणवते? पहिल्या सत्रात काय हाती घ्यावे आणि काय बाजूला ठेवावे? जाणकारांनी कृपया कामाचे सांगावे.

आस्थापना_टेबल

सर, आधी आस्थापना. गुणवत्तेचे भाषण नंतर. ज्या शिक्षकाचा चटोपाध्यायचा (12 वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा) प्रस्ताव दोन वर्षे कपाटात आहे, तो तुमच्या वाचन अभियानात मनापासून उतरणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक टेबलकडून चार याद्या मागा : वरिष्ठ वेतनश्रेणी (12 वर्षे) आणि निवड श्रेणीचे (24 वर्षे) प्रलंबित प्रस्ताव, वैद्यकीय देयके, भविष्य निर्वाह निधीच्या मागण्या, आणि पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांच्या सेवापुस्तकांची स्थिती. यादीत आवक दिनांक हवाच. तो नसेल तर यादी परत करा.

मग दोन नियम लावा. निपटारा आवक क्रमांकानेच होईल आणि यादी तालुक्याच्या फलकावर लागेल. त्रुटी काढायच्या त्या एकदाच, सगळ्या एकत्र आणि लेखी. फाईल पहिल्यांदा जातपडताळणीसाठी, पुढे गोपनीय अहवालासाठी, शेवटी सहीच्या शिक्क्यासाठी परत जाते, आणि प्रत्येक फेरीत मध्यस्थाची सोय होते. भ्रष्टाचार रोखायला परिपत्रक काढून फारसे काही होत नाही. त्रुटीपत्र एकच निघाले की बराच बंद होतो.

संचमान्यतेकडेही (शाळेच्या शिक्षकपदांच्या मंजुरीकडे) जुलैपासून लक्ष द्या. 30 सप्टेंबरच्या पटावर पदे ठरतात आणि आधार वैध नसलेले मूल मोजणीत अडकते. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांपैकी एकही जनरल रजिस्टरशी जुळले नाही तरी नोंद अवैध दिसते. शिक्षण हक्क कायद्याने 60 पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणून 61–62 पटाच्या शाळेत दोन मुलांच्या आधारावर तिसरे पद टिकते किंवा जाते. सप्टेंबरच्या शेवटी धावपळ केली तर आधार केंद्रावर रांग लागते. तालुकानिहाय अवैध नोंदींचा आकडा दर सोमवारी पाहिला तरी पुरे.

बीट_विस्तार

वरचे सगळे मान्य. आता वर्गाचे.

जिल्हाभर फिरून तुम्ही शाळा सुधारू शकणार नाही, तेवढे दिवसच नसतात. तुमचा खरा हात म्हणजे केंद्रप्रमुख, म्हणजे जवळच्या काही शाळांच्या गटाचा (केंद्राचा) पर्यवेक्षक. म्हणून आधी मोजा : किती केंद्रप्रमुख नियमित आहेत आणि किती ठिकाणी पदभार शिक्षकाकडे आहे? पदभार असलेल्या शिक्षकाचा स्वतःचा वर्ग बुडतो आणि केंद्रही नीट होत नाही. पदभार द्यावाच लागला तर एकशिक्षकी किंवा दोन शिक्षकी शाळेतल्या माणसाला देऊ नका.

शाळाभेटीचा नमुना बदला. सध्याच्या बहुतेक भेटीत रंगरंगोटी, पोषण आहाराची चव, रजिस्टरवर शेरा आणि चहा होतो. त्याऐवजी परिपाठाला पोचा. तिसरीच्या हजेरीपटावरून दर चौथे नाव घ्या, अशी पाच मुले होतील. शिक्षक पुढे करतील ती मुले घेऊ नका. वाचायला पाठ्यपुस्तकातला उतारा देऊ नका, तो अनेकांना तोंडपाठ असतो. मूल बोट एका ओळीवर ठेवते आणि म्हणते पुढची ओळ. अनोळखी गोष्ट द्या, सात-आठ ओळींची, जोडाक्षरे असलेली. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या अपेक्षेप्रमाणे तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचायला हवेत. वाचल्यावर दोन प्रश्न विचारा, त्यातला एक ‘का’ने सुरू होणारा. गणितात हातच्याची एक वजाबाकी फळ्यावर नव्हे, पाटीवर किंवा वहीत करून घ्या, म्हणजे शेजारी बघून उत्तर येणार नाही.

मग शिक्षकाच्या स्तरनिश्चितीच्या तक्त्याशी (कोणते मूल शब्द, परिच्छेद की गोष्ट वाचते याच्या नोंदीशी) जुळवा. शिक्षकाने ‘परिच्छेद’ लिहिले आणि मूल शब्दावर अडले, तर तिथे नोटीस देऊ नका. हे अगदी कळकळीने सांगतो. पहिली नोटीस निघाली की पुढच्या महिन्यात अख्ख्या जिल्ह्याची मुले कागदावर ‘गोष्ट’ स्तराला पोचतात, आणि त्यानंतर खरी माहिती वर येत नाही. खरा आकडा देणाऱ्याला संरक्षण दिले तरच तक्त्याला अर्थ राहतो. सूट खोट्या नोंदीला नको, पण ती कारवाई दुसऱ्या भेटीनंतर.

केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, योजनांची परिपत्रके वाचून दाखवणे बंद करा. एक घटक, एक नमुना पाठ आणि मुलांच्या चुका असलेल्या वह्या एवढाच विषय ठेवा. साताऱ्याच्या कुमठे बीटची (विस्तार अधिकाऱ्याकडच्या केंद्रांच्या गटाची) राज्यभर चर्चा झाली, कारण तिथले काम वर्गात बसलेले होते. तिथून फरशीवरच्या आकृत्या उचलून आणणाऱ्यांचे मात्र फारसे हाती लागले नाही.

आणि तो व्हॉट्सॲप. ‘आज दुपारी 4 पर्यंत माहिती द्यावी.’ यातली निम्मी माहिती यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन प्रणालीत) असतेच. कार्यालयात एकच माणूस नेमा. त्याने आधी यू-डायस, शालार्थ (वेतन) आणि सरल (विद्यार्थी नोंदी) पाहायचे, तिथे नसेल तेवढेच शाळेला विचारायचे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीपुरतीच सूट देते. बाकीच्या कामांना नकार देण्याची जबाबदारी तुमची, मुख्याध्यापकाची नव्हे.

हंगामी_वसतिगृह

ऊसतोडीच्या गावांबद्दल एवढेच : टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. पालक गेल्यावर मुले गावातच राहावीत म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी डिसेंबरात आली तर मुले तोपर्यंत फडावर पोचलेली असतात. म्हणून ऑगस्टमध्ये शाळा व्यवस्थापन समितीकडून घरनिहाय यादी घ्या : कोण जाणार, मागे आजी-आजोबा आहेत का, जेवण कुठे होईल. जी मुले जातीलच त्यांना शिक्षण हमी पत्रक (तिकडच्या शाळेत शिक्षण सुरू राहावे म्हणून) द्या आणि कारखान्याच्या तालुक्यातल्या गटशिक्षणाधिकाऱ्याला यादी स्वतः पाठवा. पत्रक पालकाच्या गाठोड्यात राहते आणि समोरच्या शाळेला मूल आल्याचे कळतच नाही, म्हणून हा दुसरा निरोप गरजेचा. हजेरीपटावरून नाव कमी करायची घाई करू देऊ नका.

रुजू_जूनमध्ये

मनःपूर्वक आभार. दोन शंका. जीर्ण वर्गखोल्यांचे काय करावे? आणि शिक्षण समितीचे सभापती बदलीसाठी शब्द टाकतात तेव्हा?

आस्थापना_टेबल

खोल्या : पावसाळ्याआधी धोकादायक खोल्यांची यादी उपअभियंत्याच्या सहीने घ्या, तिथे वर्ग बसवू नका असे लेखी द्या, मुलांची पर्यायी सोय लावा आणि निर्लेखनाचा (खोली नोंदीतून काढून पाडण्याचा) प्रस्ताव त्याच आठवड्यात चालवा. तोंडी सूचनेवर थांबू नका. अपघात झाला तर मुख्याध्यापक एकटा अडकतो.

बदल्या ऑनलाइन आहेत, त्यामुळे दबाव प्रतिनियुक्तीच्या वाटेने येतो. अवघड क्षेत्रातला शिक्षक ‘तात्पुरता’ शहरालगत आणायचा आणि मागची शाळा एकशिक्षकी करायची, असा प्रकार. सगळ्या प्रतिनियुक्त्यांची यादी काढून सीईओंच्या (जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या) मान्यतेने एकाच आदेशात रद्द करा, शाळा उघडायच्या आत. एकेकाची केली तर प्रत्येकासाठी वेगळा फोन येईल. सभापतींना आदेशाआधी भेटून यादी दाखवा, त्यांच्या जिल्हा परिषद गटातल्या (मतदारसंघातल्या) एकशिक्षकी शाळांच्या नावांसह.