'डार्क शॅडोज'मधलं १७९५ चं कथानक: एवढं डोक्यावर का घेतात?

रातकिडा
काल हा ट्रॅक संपवला. मालिका अमेरिकेतली, भुताखेतांची, रोज लागणारी; १९६६ ते १९७१, भाग १२२५. त्यात हाच तुकडा भारी, असं जो तो सांगतो. मला मात्र नायिका व्हिक्टोरियाने वात आणला. प्लँचेटला बसलेली ही बाई थेट १७९५ मध्ये जाऊन पडते, तीही कॉलिन्स घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक घेऊन! आणि करते काय? नट तेच, चेहरे तेच, म्हणून दिसेल त्याला १९६७ मधल्या माणसाच्या नावाने हाक मारते. लोक चेटकीण म्हणणार नाहीत तर काय? पुढे तो खटला... संपता संपत नाही. मीच काही चुकीचं बघतोय का?

कोळिष्टक
नाही हो, व्हिक्टोरिया डोक्यातच जाते. पण तिच्याकडे बघूच नका. बार्नबस कॉलिन्स, म्हणजे मालिकेतला रक्त पिणारा व्हॅम्पायर, १९६७ मध्ये आला तेव्हा गावातल्या मॅगीला पळवून नेणारा सरळसरळ खलनायक होता. इथे कळतं, हे व्हॅम्पायरपण त्याने स्वतःच ओढवून घेतलं. मार्टिनिकमध्ये मोलकरणीशी, अँजेलिकशी, सूत जुळवलं आणि जोसेटशी लग्न ठरल्यावर अँजेलिकला झटकून टाकलं. चेटकीण अँजेलिकचा शाप आभाळातून पडलेला नाही.

आणि जोशुआ! बार्नबसचा जन्मभर ताठ मानेने वावरलेला बाप. मुलाला कायमचं संपवायची वेळ येते आणि हात उचलत नाही. शेवटी शवपेटीला साखळ्या. त्या पेटीतून बार्नबस पुढे बाहेर येणार, हे आपण आधीच पाहिलंय, तरी पोटात कालवतं.

दिवाभीत
लेखकांची एक चलाखी कुणी लक्षात घेत नाही. जुन्या भागांत जोसेट जेरेमायाची (बार्नबसच्या काकाची) बायको होती. आता ती बार्नबसची वाग्दत्त वधू. मेळ कसा घालायचा? अँजेलिकच्या मंत्राने जोसेट आणि जेरेमाया पळून जाऊन लग्न करतात. झालं! मात्र तीच जोसेट आधी १८३० च्या दशकातली होती, त्यावर सरळ पांघरूण. रोजचा भाग रोज उरकायचा, त्यात हे चालायचंच. नट ओळी विसरतात, माइक फ्रेममध्ये डोकावतो, तरी चित्रीकरण पुढे. मला तर आवडतं ते.

रातकिडा
जोशुआचे शेवटचे भाग परत लावले. १९६७ मधल्या रॉजर कॉलिन्सचं काम करणारा नटच हा, पण उभं राहणंसुद्धा वेगळं. तेवढं मान्य. खटला मात्र या वेळीही पळवतच पाहिला.