चक्रीवादळाचा इशारा शेजारी मिळून देतात, मग धुळीचा का नाही?

मापाडी (धागाकर्ता)

२३ जानेवारी २०२२ च्या रविवारी मुंबईत आणि पुण्यात अनेकांनी सकाळी खिडकी उघडली, तेव्हा समोरच्या इमारती पुसट झाल्या होत्या आणि खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर पांढुरकी पूड बसली होती. बऱ्याच जणांना ते धुके वाटले. प्रत्यक्षात ती धूळ पाकिस्तानच्या बाजूने उठून, अरबी समुद्र आणि गुजरात ओलांडून आपल्याकडे आली होती. ती निघाली तेव्हाच उपग्रहाच्या चित्रांत दिसत होती. परंतु दम्याचा रुग्ण घरी असलेल्या माणसाला आदल्या संध्याकाळी ते कोणी सांगितले नाही.

अशा गोष्टींसाठी दक्षिण आशियात काही व्यवस्थाच नाही, असे नाही. एप्रिल १९९८ मध्ये मालदीवची राजधानी माले येथे सीमापार वायुप्रदूषणाविषयी एक जाहीरनामा संमत झाला. त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव यांच्याबरोबर इराणही आहे, ही बाब धुळीच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते. मात्र तो कोणावरही बंधनकारक नाही. सुरुवातीची वर्षे स्वीडनच्या पैशावर प्रशिक्षण आणि मोजमाप केंद्रांचे काम चालले, आणि आज त्याचे नावही सहसा कोणाच्या कानावर येत नाही.

यांपैकी बहुतेक देशांची एक दुसरी व्यवस्था मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-प्रशांत आयोग यांनी १९७२ मध्ये चक्रीवादळांसाठी एक मंडळ स्थापन केले. आज त्यात तेरा देश आहेत आणि उत्तर हिंदी महासागरातील वादळांची सूचना दिल्लीचे केंद्र या सर्वांना देते. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’चे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते, तर ऑगस्ट २०२४ मध्ये कच्छवरून अरबी समुद्रात उतरलेल्या ‘अस्ना’चे नाव पाकिस्तानने. भारत आणि पाकिस्तान यांच्यात संवाद जवळजवळ बंद असतानाही कोणी त्या नावाला हरकत घेतली नाही, कारण ते काम मंत्र्यांचे नसून हवामानखात्यांचे होते.

म्हणून माझा प्रस्ताव असा की, धुळीच्या वादळांचे निरीक्षण आणि इशारा पर्यावरण मंत्रालयांच्या जाहीरनाम्यातून बाहेर काढून चक्रीवादळांच्या या मंडळाकडे सोपवावा. कराची, इराणमधील झाहेदान, मस्कत, भूज आणि मुंबई येथील पीएम १० चे, म्हणजे हवेतील दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे, तासागणिक आकडे एका ठिकाणी यावेत, आणि त्यावरून दोन दिवस आधीचा अंदाज सर्वांना मिळावा. धुळीच्या इशाऱ्यासाठी जागतिक हवामान संघटनेची यंत्रणा २००७ पासून आहे आणि बार्सिलोना व बीजिंग येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत. अरबी समुद्राच्या काठच्या देशांनी मिळून आपले केंद्र का उभारू नये?

तर्कट

प्रस्ताव वाचायला नेटका आहे, परंतु ज्या उपमेवर तो उभा आहे ती उपमाच मला मान्य नाही. चक्रीवादळाला गुन्हेगार नसतो. ‘निसर्ग’ कोणाच्या चुकीमुळे आले, असा प्रश्न कोणीही विचारत नाही. म्हणून त्याचे आकडे वाटून घेताना कोणाचे काही जात नाही. प्रदूषणाचा आकडा मात्र हातात पडताच पुरावा होतो.

याचा अनुभव आपल्या देशाने घेतलेला आहे. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला, ज्यात ‘सागर कन्या’ हे आपले संशोधन जहाजही होते. उपखंडातून समुद्रावर पसरणारा तपकिरी धुरकट थर त्यात तपशिलाने मोजला गेला. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यावर अहवाल काढला आणि त्या थराला आशियाचे नाव दिले, तेव्हा भारतातून तीव्र आक्षेप आले आणि पुढे नावातला ‘आशियाई’ हा शब्द काढून तिथे ‘वातावरणीय’ आणावा लागला. एका विशेषणावर एवढा वाद होतो, तिथे तासागणिक आकडे कोण देईल? शिवाय एप्रिल २०२५ नंतर सिंधू जलकरारच स्थगित आहे, हे विसरून चालणार नाही.

माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुंबईची हवा वर्षातून एखाददुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या धुळीने बिघडते आणि उरलेला हिवाळाभर ती आपल्याच बांधकामांनी, रेडीमिक्स प्रकल्पांनी, उघड्या डंपरांनी आणि उखडलेल्या रस्त्यांनी बिघडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावण्याचे, राडारोडा झाकून नेण्याचे आणि पाणी फवारण्याचे नियम काढले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. आता कुठे घरचे दोषी सापडू लागले असताना त्यांच्या हाती ‘धूळ बाहेरून आली’ ही आयती सबब का द्यावी?

मापाडी

सबबीचा मुद्दा मी हलका मानत नाही. परंतु धूर आणि धूळ या दोन गोष्टी आपण एकाच पोत्यात भरत आहात. वाळवंटातील धुळीचे कण तुलनेने मोठे असतात, त्यामुळे ती आली की पीएम १० एकदम चढतो आणि पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे अतिसूक्ष्म कण) त्या प्रमाणात चढत नाही. काडीकचरा, कोळसा किंवा डिझेल यांच्या धुरात याच्या उलट घडते. दोन्ही आकडे एकत्र पाहिले की त्या दिवशीचा पाहुणा कोण, याचा बराचसा अंदाज लागतो. खोटी सबब याच मोजमापाने उघडी पडते, कारण बाहेरची धूळ आलेली नसताना ती आल्याचे सांगता येत नाही.

आकडे कोण देईल, या प्रश्नाचे उत्तर विमानतळांवर आहे. कराचीची दृश्यमानता आजही जगातील कोणत्याही वैमानिकाला कळते, मग राजकीय संबंध कसेही असोत.

हाननदीकाठी

मी अकरा वर्षे सेऊलमध्ये राहत आहे, म्हणून या वादाचा पुढचा अंक मला पाहायला मिळाला आहे. इथे वसंत ऋतूत गोबीच्या वाळवंटातून आणि अंतर्मंगोलियातून पिवळी धूळ येते. तिला ‘ह्वांगसा’ म्हणतात. मार्च २०२१ मध्ये बीजिंगचे आकाश नारिंगी झाले, आणि तीच धूळ पुढे कोरियावर आली, तेव्हा माझ्या मोबाइलवर ती पोचण्याच्या आधी सूचना आली होती. चीन, जपान आणि कोरिया यांच्या पर्यावरणमंत्र्यांची बैठक १९९९ पासून होत आहे. इतिहासाची एवढी ओझी असलेल्या तीन देशांत हे चालते, म्हणजे अशक्य काही नाही.

परंतु तर्कट यांनी सांगितलेली भीतीही इथे तंतोतंत खरी ठरली. तिन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून, कोणत्या देशाच्या हवेत कोणाचा वाटा किती, याचा अभ्यास केला. चीनच्या आक्षेपामुळे त्याचे प्रकाशन लांबले आणि तो अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेर आला. कोरियातील शहरांच्या पीएम २.५ मध्ये चीनचा वाटा सरासरी ३२ टक्के आणि कोरियाचा स्वतःचा वाटा ५१ टक्के, असे त्यात म्हटले होते. माझ्या कार्यालयातील सहकाऱ्यांना फक्त ३२ दिसले. चीनच्या बाजूने पाहणाऱ्यांना ५१ दिसले असणार, हे सांगायला नको.

तरीही त्या ५१ ला एक महत्त्व आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून कोरियाने हिवाळ्याच्या चार महिन्यांसाठी जुन्या डिझेल गाड्यांवर बंधने आणि काही कोळसा वीजसंच बंद ठेवणे, अशी हंगामी व्यवस्था सुरू केली. ती एकट्या अहवालामुळे आली असे मी म्हणणार नाही. पण निम्म्याहून अधिक दोष आपला आहे हे शेजाऱ्यांच्या सहीनिशी कागदावर असताना सरकारला नुसते पश्चिमेकडे बोट दाखवणे अवघड जाते.

जाता जाता एक गंमत सांगतो. कोरियाने फेब्रुवारी २०२० मध्ये हवेवर दिवसा तासागणिक नजर ठेवणारा भूस्थिर उपग्रह सोडला. त्याच्या ठरलेल्या निरीक्षणक्षेत्राची पश्चिम सीमा साधारण ७५ रेखांशाशी आहे. त्यामुळे नागपूरची हवा सेऊलला दिसते आणि मुंबईची जेमतेम राहून जाते.

तर्कट

हा अनुभव मोलाचा आहे. मात्र त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. धूळ म्हणजे निरपराध निसर्ग आणि धूर म्हणजे माणसाचा अपराध, ही मापाडी यांची विभागणी टिकत नाही. इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवर सीस्तानचे खोरे आहे. तिथे उन्हाळ्यात जे वारे वाहतात त्यांना ‘एकशेवीस दिवसांचे वारे’ असेच म्हणतात. वारे जुनेच आहेत, परंतु त्या खोऱ्यातील हामून सरोवरांत पाणी होते तोवर तळाचा गाळ दबलेला असे. अफगाणिस्तानातून येणाऱ्या हेलमंद नदीचे पाणी वरच अडले, त्यात दुष्काळ पडला, सरोवरे आटली आणि तोच तळ उडून झाबोल शहरावर येऊ लागला. त्या पाण्याबद्दल दोन्ही देशांत १९७३ चा करार आहे, आणि तरीही मार्च २०२१ मध्ये कमाल खान धरणाचे उद्घाटन झाले तेव्हापासून वाद अधिकच वाढला आहे.

हवामानखाते फार तर धूळ कधी येईल ते सांगेल. सरोवर भरण्याचे काम त्याचे नाही. पाण्याचा करार पाळला जात नसताना धुळीच्या नोंदी ठेवणे म्हणजे गळक्या छपराखाली बादल्या मोजत बसणे होय.

झरपटकाठ

मी चंद्रपूरचा आहे. इराण आणि कोरियापर्यंत गेलेली ही चर्चा वाचताना मला सारखे आमच्या अंगणातील तुळस आठवत होती, जिच्या पानावर पहाटे बोट फिरवले तर बोट काळे होते. ती काजळी नेमकी कोणत्या धुराड्याची, कोणत्या खाणीची किंवा कोणत्या ट्रकची, हे मी सांगू शकत नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले तेव्हा चंद्रपूरला शंभरपैकी ८३.८८ मिळाले होते. ज्या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त वाईट, अशी ती परीक्षा होती.

आमच्यासाठी ‘प्रदेश’ म्हणजे वर्धा-गोदावरीचे कोळसाखोरे, आणि ते महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन राज्यांत विभागलेले आहे. दिल्ली आणि भोवतालच्या राज्यांसाठी संसदेने २०२१ मध्ये कायदा करून हवा गुणवत्ता आयोग नेमला; तसा आयोग या खोऱ्यासाठी नाही. अर्थात आयोगाने सगळे सुटते, असेही नाही. पंजाबने २००९ मध्ये भूजल वाचवण्यासाठी भाताची लावणी जूनमध्ये ढकलणारा कायदा केला, त्यामुळे कापणी उशिरा होऊ लागली आणि गहू पेरण्याआधी शेतकऱ्याच्या हाती दोन-तीन आठवडेच उरले. मग त्याने खुंट पेटवले. पाण्यासाठी काढलेला कायदा हवेच्या खात्याला निस्तरावा लागला. देशांच्या आधी राज्यांनी, आणि राज्यांच्याही आधी खात्यांनी एकमेकांना आकडे द्यावेत, असे माझे मत झाले आहे.

मापाडी

झरपटकाठ यांचा मुद्दा मला पटला आहे आणि त्यानुसार मी माझ्या प्रस्तावात दुरुस्ती करतो. बाहेरून धूळ येणार असल्याचा इशारा जेव्हा दिला जाईल, तेव्हा त्याच पत्रकात त्या शहराच्या मागील तीस दिवसांचे आकडेही सक्तीने छापावेत, म्हणजे पाहुण्याच्या आधी घर किती स्वच्छ होते, ते सर्वांना दिसेल.

बादल्यांच्या उपमेबद्दल मात्र मी असहमत आहे. युरोपात १९७९ मध्ये जिनिव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला, तेव्हा शीतयुद्धामुळे दुभंगलेले दोन्ही गट त्यात आले, कारण सुरुवातीला त्यात मोजण्यापलीकडे फारसे बंधन नव्हते. गंधकाचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी कमी करण्याचा मसुदा १९८५ मध्ये हेलसिंकी येथे आला. ब्रिटनने त्यावर सही केली नाही. पण ब्रिटनचे गंधक नॉर्वे आणि स्वीडनच्या तळ्यांत किती उतरते याच्या नोंदी चालूच राहिल्या, आणि पुढच्या दशकातील करारात ब्रिटनही आला.

तर्कट

तीस दिवसांची दुरुस्ती मला मान्य आहे, परंतु युरोपचेच उदाहरण पुढे न्यायचे असेल तर त्यातील एक कलम आधी वाचावे. युरोपीय संघाच्या २००८ च्या हवाविषयक निर्देशानुसार सदस्य देशांना सहारातून आलेल्या धुळीसारखा नैसर्गिक वाटा सिद्ध करून मर्यादाभंगाच्या हिशेबातून वगळता येतो, आणि स्पेनसारखे देश तसे करतात. आपल्याकडे ही वजावट आली, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंतचा प्रत्येक वाईट दिवस बलुचिस्तानच्या नावावर चढेल. वजावट कधीही मिळणार नाही, एवढे वाक्य आपल्या प्रस्तावात पहिल्या ओळीत घालावे; मग माझी सही घ्यावी.