मदत हवी आहे : फिरणारी कटिंग मॅट १२ इंची घ्यावी की १४? (आईच्या लुगड्यांची रजई)

नमस्कार. मी बेळगावात, वडगावला राहते. गेल्या पावसाळ्यात आई गेली. तिची सात सुती लुगडी माझ्याकडे आहेत, बहुतेक इथल्याच शहापूर-वडगावच्या मागावरची. दोन इतकी विरली आहेत की बोट लावलं तरी फाटतात. उरलेल्या पाचांची मला मुलीसाठी रजई करायची आहे.

वाकळ मला येते, आजीने शिकवली. कडेकडेने धावदोरा घालत आत यायचं, तुकडा वाकडा असला तरी वरचं ठिगळ ते झाकतं, टाका सगळं सांभाळून घेतो. शेजारच्या कन्नड काकू कौदी शिवतात तीही अशीच, हातात टेप न धरता. पण मुलीला नक्षीची, त्रिकोणांची रजई हवी आहे, आणि तिथे मी अडकले आहे.

हिशेब असा. ८ इंचांचा एक ब्लॉक, त्यात चार एचएसटी (दोन रंगांचे त्रिकोण जोडून झालेला चौकोन). आडवे ७ आणि उभे १० ब्लॉक, म्हणजे २८० एचएसटी. ५ इंचांचे दोन चौकोन समोरासमोर ठेवून कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारते, मधून कापते, उलगडून इस्त्री करते आणि प्रत्येक साडेचार इंचांवर छाटून घेते. २८० गुणिले चार बाजू म्हणजे ११२० काप!

फिकट रंगासाठी आईचं रोजचं पिवळं लुगडंच हवं. त्याचा पदर आणि निऱ्यांचा काही भाग तेवढा शाबूत आहे. त्यात ५ इंचांचे मोजून १५० चौकोन निघतात आणि मला १४० लागतात. पहिल्या दोन ओळींत २८ वापरले, पण छाटताना नऊ एचएसटी लहान झाल्या. पाच चौकोन तिथेच गेले. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या तर लांबीत सव्वा इंचाचा फरक. एकेका तुकड्यात सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चूक, पण एका रांगेत १४ तुकडे आले की तीच कुठल्या कुठे जाते.

चूक कुठे होते तेही मला दिसतंय. माझं टेबल खिडकीखाली भिंतीला लागून आहे, पुढून मागे दीड फूट. दोन बाजू कापल्या की उरलेल्या दोनसाठी मला पलीकडून जाता येत नाही, म्हणून मी तुकडा उचलून फिरवते. इतकं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड उचललं की ताणतं. मनगट वळवून कापायला गेले तर पट्टी सरकते.

जुनी ए३ मॅट (कापताना कापडाखाली ठेवायचा रेघांचा तक्ता) मी स्वतःच घालवली. घाईत तिच्यावर टॉवेल टाकून इस्त्री केली, तर मधोमध बशीएवढा फुगवटा आला. वजनाखाली आठवडाभर ठेवून पाहिली, बसला नाही.

आता नवीन घ्यायचीच तर फिरणारी घ्यावी असं मनात आहे, म्हणजे तुकडा न उचलता मॅटच फिरवता येईल. कितीची घेऊ? दाब दिल्यावर हलते का? कुणी बरीच वापरली असेल तर कृपया सविस्तर सांगा. हे कापड पुन्हा मिळणार नाही.

---

सुईदोरा (निपाणी) :

ताई, आईच्या लुगड्याचं वाचून भरून आलं.

मी सहा वर्षं फिरणारी मॅट वापरते. तुमच्या कामाला १२ इंची घ्या. ब्लॉक जोडल्यावर साडेआठ इंचांचा होईल, तोही १२ वर बसतो आणि पट्टी टेकायला चारी बाजूंना जागा उरते. १० इंचीवर पट्टीचा कोपरा बाहेर लोंबेल आणि हात डगमगेल. १४ इंची तुमच्या टेबलावर फिरणारच नाही. चौकोनी मॅट फिरते तेव्हा तिला कर्णाएवढी जागा लागते: १२ इंचीला १७ इंच, १४ इंचीला जवळजवळ २०. तुमचं टेबल १८ इंच. १४ ची आणलीत तर दर वेळी कोपरा भिंतीला लागेल.

हलण्याचं म्हणाल तर हो, थोडी हलते. खालची फिरणारी चकती मॅटपेक्षा लहान असते, त्यामुळे अगदी कोपऱ्यावर दाबलं की तो कोपरा खाली झुकतो. तुकडा नेहमी मधोमध ठेवा. कटरचं गोल ब्लेड नवीन असेल तर फार दाबावं लागत नाही. दोनदा फिरवूनही धागा राहायला लागला की ब्लेड बदलायची वेळ झाली. ४५ मिलिमीटरचा कटर पुरेसा आहे.

एक बाजू इंचांची आहे ना, हे घेण्याआधी बघा. काही मॅटवर फक्त सेंटिमीटर असतात. पण मापासाठी मॅटवरच्या रेघा धरूच नका, माप पट्टीनेच घ्यायचं.

आणि लुगड्यातून पट्ट्या काढायला ही मॅट उपयोगाची नाही. लांब कापायला मोठी, न हलणारी मॅट लागतेच. फुगवटा मधोमध आहे म्हणता, मग त्या ए३ च्या कडेच्या पट्ट्यावर भागवता येईल.

---

डावखुरी (खानापूर) :

छाटायची पद्धत लिहिते, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

एचएसटी मॅटवर मधोमध ठेवा. साडेसहा इंची चौकोनी पट्टीची ४५ अंशांची रेघ बरोबर शिलाईवर बसवा. तुकडा साडेचारच्या खुणेबाहेर चारी बाजूंनी जरासा दिसला पाहिजे. मग उजवी आणि वरची कड कापा. आता कापडाला हात न लावता मॅट अर्धा फेरा फिरवा. पट्टीच्या साडेचारच्या रेघा नुकत्याच कापलेल्या कडांवर आणि ४५ ची पुन्हा शिलाईवर बसवा, उरलेल्या दोन कडा कापा. मी डावखुरी, म्हणून मी डावी आणि वरची कापते. बाकी सगळं तेच.

मॅट फिरत असताना कटर उघडा ठेवू नका. एक काप, कटर बंद, मग फेरा. पट्टीवरची बोटं कडेपासून आत. मला अंगठ्याला तीन टाके पडले आहेत, म्हणून सांगते वो.

दुसरं, कापडाला खळ द्या. तांदळाची पातळ पेज गाळून, लुगडं त्यात बुडवून, सावलीत वाळवून, किंचित ओलसर असतानाच इस्त्री. विरलेलं सूतसुद्धा कागदासारखं उभं राहतं. चौकोन कापण्याच्या आधी द्यायची, नंतर नाही. कर्णाची कड उरेब (विणीला तिरकी) असते, ती खळीशिवाय ताणणारच. आपल्याकडच्या पावसात खळीचं कापड पडून राहिलं तर कुबट होतं, तेव्हा चार दिवसांत संपेल एवढ्यालाच द्या.

५ इंचांच्या चौकोनातून छाटायला जेमतेम एक सूत मिळतं. सव्वापाच धरले तर तीन सूत मिळतील. कापड पुरतंय का बघा.

---

धागाकर्ती :

दोघींचे मनापासून आभार. टेप लावून टेबल मोजलं, बरोबर १८ इंच आहे. १४ ची आणली असती तर पैसे फुकट गेले असते.

सव्वापाच धरून पिवळं लुगडं पुन्हा मोजलं. ११० च निघतात आणि मला अजून ११७ लागतात. म्हणून ५ इंचच ठेवते आणि खळ देते. काल एका बाजूच्या हातभर तुकड्याला दिली. इस्त्री फिरवली तसा पेजेचा वास आला आणि कापड खरंच उभं राहिलं.

---

गोधडीवाली (चिकोडी) :

एवढंच विचारते, मॅट यायच्या आधी साध्या ए४ वर सराव केलात का? ए४ मॅट स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळते. गुळगुळीत टेबलावर ठेवून तीच हाताने फिरवायची. मी अशा पन्नास एचएसटी छाटल्या आहेत. साडेचारच्या तुकड्याला पुरते, साडेआठच्या ब्लॉकला मात्र नाही. केक सजवायच्या फिरत्या चकतीवर मॅट ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती फार सैल फिरते आणि काप वाकडा जातो.

आणि मॅट आली की उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, भिंतीला टेकवून उभीही करू नका. उन्हाने वाकली की सरळ होत नाही. काम झालं की कोमट पाण्याने पुसा. चिरांत अडकलेले सुताचे तंतू साध्या खोडरबराने निघतात.

पिवळ्याचे काठ काय केलेत?

---

धागाकर्ती :

काकू, ए४ आजच आणते. लहान झालेल्या नऊ एचएसटी सरावाला आहेतच.

काठांचे अजून तुकडे केले नाहीत. गुंडाळी करून पेटीत ठेवले आहेत. रजईच्या चारी कडांना तेच लावायचे मनात आहे, पण दोन जागी जरीची तार निघाली आहे. ती आधी हाताने रफू करून घेते.