मदत हवी आहे: फोटो एडिट करताना माऊस मध्येच गप्प होतो

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाच्या अल्बमचं काम डोक्यावर असताना नेमका माऊस रुसलाय.

क्लोन ब्रशने (फोटोचा एक भाग उचलून दुसरीकडे रंगवणारा ब्रश) रिटचिंग करताना कर्सर हलतो, ब्रशचा गोलही दिसतो, पण क्लिक लागतच नाही. मेनूही उघडत नाहीत. कीबोर्ड मात्र चालू: कंट्रोल झेड मारलं की मागचा स्ट्रोक जातो. ऑल्ट टॅब करून ब्राउझरमध्ये गेलं की तोच माऊस शहाण्यासारखा चालतो. परत आलं की कधी सुटतो, कधी नाही.

विंडोज 11, 16 जीबी रॅम. माऊस वायरलेस, 2.4 गिगाहर्ट्झवाला. यूएसबी 3 च्या हार्डडिस्कचा अडथळा याच पट्ट्यात येतो, म्हणून माऊसचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) एक्स्टेंशनने लांब नेला. फरक शून्य. वायरवाला माऊस लावला, तोही तसाच. यूएसबीचं पॉवर सेव्हिंगही बंद केलं.

आता संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, नाहीतर पेन टॅब्लेटच्या (पेनने रिटचिंग करायची पाटी) ड्रायव्हरवर. टॅब्लेट काढून ठेवला तरी त्याचा ड्रायव्हर मागे चालूच असतो. तो उडवला तर पेनच्या प्रेशरचं सगळं सेटिंग पुन्हा बसवा, म्हणून हात धजावत नाही. जीपीयू अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे एडिटिंगला मिळणारी ग्राफिक्स कार्डाची मदत, बंद केलं तर मोठ्या रॉ फाइली (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) रांगायला लागतात, त्यामुळे तसं ठेवून दिवसभर काम करणं अशक्य.

कुणी यातून गेलंय का? या दोन ड्रायव्हरांपैकी आधी कुठला काढून बघू? टॅब्लेटच्या सेटिंगचा बॅकअप घेता येत असेल तर तेही सांगा. आणि ‘नवीन माऊस घे’ हे दुकानदाराने सांगून झालंय!