मदत हवी आहे: ओपी स्टॅकवर (इथेरियमवर आधारलेल्या ऑप्टिमिझमसारख्या दुय्यम साखळ्यांचे सॉफ्टवेअर) वॉलेटमधली पूर्ण शिल्लक पाठवताना फी कशी धरायची?

साध्या ईथ (इथेरियमचे चलन) ट्रान्सफरला २१,००० गॅस (व्यवहाराला लागणाऱ्या कामाचे माप) लागतो. २१,००० गुणिले कमाल गॅस दर वजा करून उरलेली सगळी रक्कम पाठवली, की ‘अपुरी शिल्लक’ म्हणून व्यवहार नाकारला जातो. कारण उघड आहे: एल-वन डेटा फी (व्यवहाराचा डेटा मूळ इथेरियम साखळीवर, म्हणजे एल-वनवर, नोंदवण्याची फी) वेगळी कापली जाते आणि गॅसच्या अंदाजात ती धरलेलीच नसते. (आर्बिट्रम या दुसऱ्या दुय्यम साखळीवर हा प्रश्न नाही, तिथे ती गॅसच्या आकड्यातच मिसळलेली असते.)

गॅस प्राइस ऑरेकल या साखळीवरच्याच कॉन्ट्रॅक्टला सही न केलेला व्यवहार देऊन ही एल-वन फी किती ते कळते. ओपी स्टॅकच्या फ्योर्ड अपग्रेडनंतर या फीच्या हिशेबात व्यवहाराचा किमान आकार १०० बाइट धरतात, म्हणजे साध्या ट्रान्सफरला आकाराची चिंता नाही. खरी अडचण एल-वनच्या बेस फीची (गॅसचा मूळ दर) आणि ब्लॉब फीची (डेटाच्या तात्पुरत्या साठ्याचा दर): दोन्ही दर १२ सेकंदांनी हलतात. मग जादा किती टक्के राखायचे? कमीत कमी धूळ (खात्यात अडकून राहणारी किरकोळ रक्कम) उरेल असा हिशेब कुणी सांगेल का?