टॉर ब्रिज २ टक्क्यांवर अडकतो (रशिया, हॉस्टेल वायफाय)

व्होल्गाकाठ
कझान, विंडोज ११, टॉर ब्राउझर (ओळख लपवून अडवलेल्या साइट उघडणारा) अद्ययावत. ओबीएफएस४ प्रकारचे तीन ब्रिज (टॉर अडवलेला असताना आत शिरायचे छुपे सर्व्हर) टाकले, तिन्हींची जोडणी २ टक्क्यांवर थांबते. लॉगमध्ये (जोडणीच्या नोंदीत) 'जनरल सॉक्स सर्व्हर फेल्युअर'. वेबटनेल हा दुसऱ्या प्रकारचा ब्रिज ३० टक्क्यांपर्यंत जातो आणि तिथेच बसतो. त्याच्या लॉगमध्ये घड्याळ २ तास ३० मिनिटं मागे असल्याची एक ओळ आहे, पण स्क्रीनवरची वेळ मॉस्कोप्रमाणे बरोबर आहे. वेबटनेलच्या ओळीत (सेटिंग्जमध्ये टाकायच्या मजकुरात) २००१:डीबी८ने सुरू होणारा पत्ता आहे आणि हॉस्टेलात आयपीव्ही६ (नव्या प्रकारचे इंटरनेट पत्ते) नाही. तेच कारण असेल का?

तारयंत्र
नाही. २००१:डीबी८चे पत्ते उदाहरणांसाठी राखलेले असतात, वेबटनेल त्यातला एक नुसता जागा भरायला वापरतो. खरा पत्ता पुढे 'यूआरएल='मध्ये असतो.

घड्याळाची ओळ मात्र सोडू नका. अडीच तास हा नेमका भारत (जागतिक प्रमाणवेळ म्हणजे यूटीसी+५:३०) आणि मॉस्को (यूटीसी+३) यांच्यातला फरक. टाइमझोन भारताचाच ठेवून वेळ हाताने मागे घेतलेली दिसते. म्हणजे स्क्रीनवर सगळं ठीक, पण संगणकाच्या हिशेबी यूटीसीच अडीच तास मागे. ओबीएफएस४च्या हँडशेकमध्ये (जोडणीआधीच्या ओळख-देवाणघेवाणीत) यूटीसीचा चालू तास मिसळलेला असतो. सर्व्हर एक तास इकडेतिकडे चालवून घेतो, त्यापुढे उत्तरच देत नाही. मुद्दाम देत नाही. दिलं तर चाचपडत आलेल्या सेन्सॉरलाही इथे ब्रिज आहे हे कळेल.

आधी टाइमझोन मॉस्को करा, मग आपोआप वेळ चालू करून लगेच सिंक करा. टॉर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरी २ टक्केच राहिले तर ब्रिजची ओळ मोजा: फिंगरप्रिंट (ब्रिजची ओळखखूण) ४० अक्षरी, 'सर्ट='नंतर ७० अक्षरं. चॅटमधून कॉपी करताना ओळ मधेच तुटते आणि शेपूट मागे राहतं.

पोर्ट४४३
३० टक्क्यांचं दुखणं वेगळं आहे. १० ते १५ म्हणजे ब्रिजपर्यंत पोहोचून टॉरचा हँडशेक चाललाय, २५-३० म्हणजे रिलेंची (टॉरच्या सर्व्हरांची) यादी उतरतेय. हँडशेक छोटा असतो, यादी काहीशे केबींची. जून २०२५ पासून रशियातले बरेच इंटरनेट पुरवठादार क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेमागच्या साइटवरून पहिले सुमारे १६ केबी येऊ देतात आणि मग जोडणी गोठवतात. त्यामुळे कनेक्ट झालं असं दिसतं, पण पुढे काही येत नाही. 'यूआरएल='मधलं डोमेन क्लाउडफ्लेअरवर आहे का ते पाहा; असेल तर दुसरीकडे होस्ट केलेला वेबटनेल मागवा. त्याच ब्रिजवर तास तास थांबण्यात अर्थ नाही.

स्नोफ्लेक या आणखी एका प्रकारच्या ब्रिजला यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) लागतो, हॉस्टेलच्या फायरवॉलमध्ये तो बऱ्याचदा बंद असतो. वायफायवर चालत नसेल तर एकदा मोबाइल हॉटस्पॉटवर करून पाहा. मात्र मोबाइल इंटरनेट 'पांढऱ्या यादी'वर (फक्त मंजूर साइट चालू) असेल त्या दिवशी कुठलाच ब्रिज लागणार नाही, सेटिंग्ज उचकत बसू नका.

व्होल्गाकाठ
घड्याळच होतं. ओबीएफएस४चे दोन ब्रिज १०० टक्के. तिसरा आता टाइमआउट देतो. आणखी एक: टेलिग्राम डेस्कटॉप टॉरमधून न्यायचा आहे, पण पोर्ट ९०५० वर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं.

तारयंत्र
९०५० हा स्वतंत्र बसवलेल्या टॉरचा पोर्ट. टॉर ब्राउझरचा ९१५०, तोही ब्राउझर उघडा असेपर्यंतच. टेलिग्रामच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये सॉक्स५, होस्ट १२७.०.०.१, पोर्ट ९१५०, नाव-पासवर्ड रिकामे. मेसेज जातील, कॉलची आशा धरू नका, टॉर यूडीपी नेत नाही. साधा फायरफॉक्स जोडणार असाल तर 'सॉक्स व्ही५ वापरताना डीएनएसही प्रॉक्सीतून' ही खूण हवीच (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं). नाहीतर साइट उघडते, पण तिचं नाव पुरवठादाराच्या डीएनएसला कळतं.

तिसऱ्याचा आयपी अडवला असेल किंवा ब्रिज बंद पडला असेल. दोन्हीचा उपाय एकच, नवा मागवा: टेलिग्रामवरचा गेटब्रिजेस बॉट, किंवा टॉर प्रोजेक्टच्या ब्रिज-पत्त्यावर जीमेल वा राइजअपवरून ईमेल; दुसरीकडून आलेल्या ईमेलला ते उत्तर देत नाहीत.

पोर्ट४४३
आणि चालू असलेल्या दोन ब्रिजच्या ओळी इथे चिकटवू नका. असे धागे सेन्सॉरही वाचतो.