रंगवलेले केस आणि पार्लरचं रेटकार्ड: इंदूरकरांनो, अनुभव लिहा

केस रंगवणं एका दुपारचं काम, सांभाळणं मात्र वर्षभराचं. पार्लरच्या खुर्चीत बसलं की रूट टचअप (फक्त मुळांना रंग), ग्लोबल (सगळ्या केसांना रंग), ग्लॉस, टोनर (ब्लीचनंतरची छटा सुधारणारा), स्पा, प्लेक्स (ब्लीच करताना केस जपणारा), केरॅटिन (केस गुळगुळीत करणारं स्मूदनिंग) अशी यादी समोर येते आणि घाईघाईत ‘सगळंच करून टाका’ म्हटलं जातं. आपल्या केसांची नेमकी तक्रार काय, त्यावर काय केलं आणि ते किती टिकलं, एवढं प्रत्येकीने (आणि प्रत्येकाने) लिहावं. सुरुवात मी करते.

माझे पांढरे केस पुढे, भांगाशी. आधीच्या पार्लरमध्ये दर वेळी मुळांपासून टोकांपर्यंत तोच तपकिरी रंग लावायचे. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे रंगाची खरी गरज बोटभर भागालाच. कायमस्वरूपी रंगातला अमोनिया केसाचा वरचा थर उघडतो आणि पेरॉक्साइड आत काम करतं. पांढरे झाकायला ते साधारण २० व्हॉल्यूम तीव्रतेचं, म्हणजे ६ टक्के लागतं. जुन्या लांबीवर हे पुन्हा पुन्हा झालं की टोकं काळपट आणि खरखरीत होतात. माझी झालीच होती. आता नव्या पार्लरमधल्या ताईंना बसल्या बसल्या सांगते: मुळांना टचअप, लांबीला फक्त ग्लॉस. ग्लॉसमध्ये डेव्हलपर (म्हणजे तेच पेरॉक्साइड) सौम्य असतो, तो केस उजळवत नाही, उडालेली छटा आणि चमक परत आणतो आणि महिना-दीड महिन्यात हळूहळू निघून जातो. पांढरे केस मात्र त्याने पूर्ण झाकले जात नाहीत, ही अपेक्षा ठेवू नका.

सुदामा नगरहून
आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी सगळं बोअरिंगवर. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तोच केसांवर बसतो! बरगंडी रंग लवकरच मळकट दिसायचा. मी रंगालाच दोष देत होते, पण नव्या पार्लरवालीने केस हातात घेतल्याबरोबर विचारलं, ‘पानी कौन सा है?’ तिने आधी क्षार काढणारा शाम्पू लावला (त्याला कीलेटिंग म्हणतात), मग ग्लॉस. फरक त्याच दिवशी दिसला. हा शाम्पू रोज वापरायचा नाही, रंगही थोडा ओढतो. म्हणून ग्लॉसच्या आधीच करून घ्यायचा. घरी शेवटचा तांब्या तरी नर्मदेच्या पाण्याचा घेते.

विजय नगर, हायलाइटवाली
आपले काळे केस ब्लीच केले की आतून तांबूस-नारिंगी निघतात, म्हणून टोनर हवाच. नारिंगीवर निळी छटा, पिवळ्यावर जांभळी. मी नुसतं ‘पर्पल शाम्पू द्या’ म्हणत होते, माझ्या नारिंगी बटांना निळा लागत होता. प्लेक्ससाठी पैसे ब्लीचच्या वेळी द्या, तिथे तो उपयोगी; नुसत्या टचअपला मी घेत नाही. आणि रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बघायला जाणार असाल तर तेल लावून, वेणी घालून, ओढणी घट्ट बांधून जा. ब्लीच केलेले केस गुलाल पिऊन टाकतात, हिरवट-गुलाबी डाग किती तरी धुण्यांनंतर जातात.

राजेंद्र नगरहून
स्मूदनिंग आणि रंग दोन्ही करायचे असतील तर क्रम विचारून घ्या. माझा रंग ताजा होता, त्यावर केरॅटिन केलं आणि छटा चांगलीच फिकट पडली. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या क्रीमने असं होतं, हे कोणी आधी सांगितलं नाही. इस्त्री फिरवताना डोळे चुरचुरत होते, धूर होता, खिडकी बंद. काही क्रीममधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, म्हणून आता डबा वाचल्याशिवाय बसत नाही. आधी स्मूदनिंग, मग दोन आठवडे थांबून रंग, हा क्रम मला मानवला.

रामबागेतली काकू
आमच्या घरात मेंदीच. शुद्ध मेंदीने त्रास नाही, पण ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते तिच्यात बहुतेकदा पीपीडी (काळा रंग देणारं, काहींना ॲलर्जी करणारं रसायन) असतं, काहींत धातूंचे क्षारही. त्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस तापतात, तुटतात. पार्लरमध्ये जाताना पाकीट सोबत न्या, आधी एका बटेवर करून बघायला सांगा. आणि कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांबा. सूनबाई म्हणते वेळ नाही, मी म्हणते काढा.

एका दादाचा अनुभव
माझे केस बारीक कापलेले असतात, दर कटिंगला रंगवलेले निम्मे उडतात. तरी मला ग्लोबल सुचवत होते. फक्त कानशिलांचं टचअप करतो, पुरतं.

पुन्हा सुदामा नगर
हेअर स्पाचं कोणी लिहिलं नाही. मऊपणा येतो, डोकं हलकं होतं, मसाज छान. उडालेला रंग मात्र त्याने परत येत नाही. ‘कलर रिफ्रेश होगा’ म्हणून विकत असतील तर क्रीममध्ये रंग आहे का, ते विचारा.

पुन्हा मी, सुरुवात करणारी
काकूंना धन्यवाद, पाकिटाची सूचना फार कामाची. वैशाली नगरच्या ताईंनी विचारलंय, मुलीच्या लग्नाआधी कधी करावं? टचअप आणि ग्लॉस एकत्र, साधारण आठवडाभर आधी. टाळूवर लागलेला रंग तोवर धुऊन जातो. नवीन छटा मात्र त्या महिन्यात धरू नका, तिची चाचणी आत्ताच करून घ्या. घरी बोअरिंग असेल तर तेही आत्ताच सांगा.